साथीच्या काळात बेड का संपतात आणि दवाखाना कधी गाठायचा?

रातपाळी (धागाकर्ती)

मी अतिदक्षता विभागात (आयसीयूत) परिचारिका आहे. कोविडच्या लाटांमध्ये तिथेच होते. "बेड नाही" हे तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. पण बेड म्हणजे नेमकं काय, तो संपतो कसा, आणि घरात ताप अंगावर काढणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, हे नीट बोलायला कुणाला सवड नव्हती. पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आत्ताच विषय काढते.

खाट आणि गादी मिळवणं सोपं. सभागृहात रांगेने खाटा मांडता येतात. आयसीयूचा बेड म्हणजे भिंतीतून येणारा ऑक्सिजन, मॉनिटर, औषध मोजून सोडणारे पंप, लागलाच तर व्हेंटिलेटर, आणि या सगळ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस. एरवी एका परिचारिकेकडे एक, फार तर दोन पेशंट असतात. लाटेत खाटा वाढतात, माणसं तेवढीच राहतात. त्यातलीही काही स्वतः आजारी पडतात. मग श्वासनलिकेत घातलेल्या नळीतला कफ ओढणं, कूस बदलून देणं, मॉनिटर वाजला की धावणं, सगळंच मागे पडायला लागतं. २००२ साली अमेरिकेत शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एका परिचारिकेमागे एकेक पेशंट वाढत गेला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता दर वेळी साधारण ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. हे साथ नसतानाचं!

आता मुद्द्याचं बोलते. उशिरा आलेला पेशंटही एकच बेड घेतो, पण तो बेड फार दिवस सुटत नाही. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, टक्क्यांत) ९२-९३ ला येऊन पोहोचलेला माणूस बऱ्याचदा वॉर्डातच, साध्या ऑक्सिजनवर, पालथं झोपून आणि वेळेवर औषध मिळून काही दिवसांत घरी जातो. तोच ७५ ला आला, तर हाय फ्लो (नाकातून जोरात सोडलेला ऑक्सिजन), बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने हवा), मग नळी घालून व्हेंटिलेटर, आणि पुढे कित्येक आठवडे. तेवढ्या काळात त्या बेडवर तीन-चार जण बरे होऊन गेले असते. म्हणून मला "बेड किती आहेत" आणि "लोक कधी येतात" हे दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. सॅच्युरेशन ९८, ताप उतरलेला, आणि तरी "पुढे मिळाला नाही तर?" या धास्तीने बेड धरून ठेवणारे पेशंटही मी पाहिलेत. त्यांची भीती मला कळते. पण बाहेर रुग्णवाहिकेत कुणीतरी थांबलेलं असतं.

तुमचे अनुभव आणि माहिती इथे लिहा.

---

गणिती

धागा चांगला काढलात. माझं काम रांगांच्या गणिताशी संबंधित आहे, त्यामुळे तुमच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो.

लागणारे बेड = रोज येणारे पेशंट गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. एवढंच सूत्र आहे. रोज १० पेशंट येतात आणि प्रत्येक जण ६ दिवस राहतो, तर ६० बेड लागतात. आजार तोच, येणारे तेवढेच, पण उशिरा आल्यामुळे मुक्काम १२ दिवसांवर गेला, तर १२० लागतात. बाहेर साथ वाढलेली नसतानाही दवाखाना भरून वाहतो तो असा.

दुसरी गोष्ट लोकांच्या सहज लक्षात येत नाही. ७० टक्के भरलेला दवाखाना आणि ९५ टक्के भरलेला दवाखाना यांत फरक पंचवीस टक्क्यांचा दिसतो, पण थांबावं लागणारा वेळ कितीतरी पटींनी वाढतो. पेशंट ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी दुपारभर कुणी नाही, तर कधी तासाभरात पाच. थोडी मोकळी जागा असेल तर ही चढउतार जिरून जाते. मोकळी जागाच नसेल, तर आज थांबलेले पेशंट उद्याच्या रांगेत जमा होतात आणि रांग पुन्हा आटोक्यात येत नाही.

इटलीतल्या लोम्बार्दी प्रांताचं उदाहरण घ्या. २०२० च्या फेब्रुवारीत साथ तिथे उघडकीला आली, तेव्हा अख्ख्या प्रांतात आयसीयूचे सुमारे ७२० बेड होते. हिवाळ्यात ते एरवीही ८५ ते ९० टक्के भरलेले असतात. म्हणजे हाताशी मोकळे बेड साधारण ७० ते ११०. युरोपातल्या सधन प्रांतांपैकी एक, उत्तम डॉक्टर, आणि तरी सुरुवातीला हातात एवढंच. साथ नसताना रिकामे दिसणारे बेड म्हणजे उधळपट्टी, असा हिशेब जे करतात त्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

---

कोरांटी

रातपाळीताई, एक शंका. आमच्या घरी बोटाला लावून सॅच्युरेशन मोजायचा ऑक्सिमीटर होता. कधी ९४ दाखवायचा, लगेच दुसऱ्या बोटावर ९७. कुठला आकडा धरायचा? आणि नेमका किती झाला की निघायचं? दर वेळी घरात यावरून वाद व्हायचे.

---

स्टेथो

कोरांटी, मी फिजिशियन आहे, मी सांगतो. जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला गेला आणि सगळ्यांत घाईने उत्तर दिलं गेलं.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. हात गार असेल तर चोळून ऊब आणा. नखांना रंग असेल तर काढा. तर्जनी किंवा मधलं बोट घाला, हात हलवू नका, आणि पहिला दिसलेला आकडा धरू नका. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. नाडीचे ठोके खरे वाटत नसतील, तर सॅच्युरेशनचा आकडाही खरा मानू नका. रोज ठरावीक वेळांना मोजा आणि वहीत लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय हे जास्त महत्त्वाचं.

किती झाला की निघायचं, याच्या सूचना देशोदेशी थोड्या वेगळ्या होत्या. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा नियम मला समजायला सोपा वाटला: ९५ किंवा वर असेल तर घरी लक्ष ठेवा, ९३-९४ असेल तर फोन करून सल्ला घ्या, ९२ किंवा खाली असेल तर थेट दवाखाना गाठा. ज्यांना आधीपासून फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो. त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून स्वतःची हद्द आधीच विचारून ठेवावी.

या यंत्राला एक मर्यादा आहे आणि ती सांगायलाच हवी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्रावर आकडा ठीक, पण रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी, असं गोऱ्या पेशंटपेक्षा कृष्णवर्णीय पेशंटमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं. त्वचा सावळी किंवा काळी असेल, तर "९४ आहे, बरं आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. धाप आणि अंगातला त्राण यांकडेही बघा. (या यंत्राचं मूळ तत्त्व १९७४ च्या सुमारास शोधणारे जपानी अभियंता ताकुओ आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले. त्यांचं यंत्र घराघरांत पोहोचत होतं नेमका तो काळ.)

ऑक्सिमीटरवर मी इतका भर का देतो? कोविडमध्ये बऱ्याच जणांना ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरला तरी धाप जाणवत नव्हती. श्वास कोंडल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, आणि सुरुवातीला तो नीट बाहेर जात असतो. माणूस गप्पा मारतोय, फोन बघतोय, आणि सॅच्युरेशन ८०. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, यांना तर काहीच त्रास नाही." करोनाच्या सुरुवातीच्या मूळ प्रकारात तब्येत ढासळायची ती बहुधा लक्षणं सुरू झाल्यानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास. नेमका तेव्हाच ताप उतरून घरचे निश्चिंत झालेले असायचे.

उपचाराचीही एक वेळ असते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन हे जुनं स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी करतं. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून पहिल्याच दिवशी घरी स्टेरॉइड सुरू करणंही चूक, आणि ८५ ला पोहोचेपर्यंत घरी बसणंही चूक.

आणि काही खुणा अशा, की तिथे आकडा बघतच बसायचं नाही: एक वाक्य सलग बोलता न येणं, छातीत सतत दाब किंवा दुखणं, बोलण्यात असंबद्धता, ओठ निळसर पडणं, हलवूनही माणूस नीट जागा न होणं. थेट निघा.

---

कोरांटी

स्टेथो, खूप आभार. याची प्रत काढून औषधांच्या डब्यात ठेवतेय.

---

सांजसकाळ

इथे सगळं श्वासाच्या आजाराभोवती चाललंय, म्हणून वेगळी बाजू मांडते. माझ्या काकांना पहिल्या लाटेत छातीत कळ आली. करोना नव्हता. "आत्ता दवाखान्यात गेलो तर तिथूनच करोना घेऊन येईन," असं म्हणत ते रात्रभर थांबले. सकाळी नेलं तेव्हा हृदयाचा बराच स्नायू गेला होता. ते आज आहेत, पण जिना चढू शकत नाहीत.

ते एकटे नव्हते, हे मला नंतर वाचनातून कळलं. इंग्लंडमध्ये मार्च २०२० च्या अखेरीपर्यंत हृदयविकाराच्या झटक्याने व तत्सम तक्रारींनी दाखल होणाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. झटके कमी झाले म्हणून एवढी घट होणं शक्य नाही. माणसं घरी बसली होती. अमेरिकेत जून २०२० अखेरच्या सर्वेक्षणात अंदाजे ४१ टक्के प्रौढांनी साथीमुळे उपचार पुढे ढकलल्याचं किंवा टाळल्याचं सांगितलं, आणि १२ टक्क्यांनी तर तातडीचे उपचारसुद्धा.

पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीतही हेच झालं. इबोलाने ११ हजारांहून अधिक माणसं गेली. पण लोक दवाखान्यांना भ्यायले, दवाखाने बंद पडले, आणि त्यामुळे मलेरिया, क्षय व एचआयव्ही यांचे जे जादा मृत्यू झाले, तेही जवळपास तितकेच असावेत असा संशोधकांचा अंदाज आहे. मला हा आकडा फार लागला. या तिन्ही आजारांवर औषधं होती हो!

तेव्हा कळकळीने सांगते: छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर साथ असो वा नसो, त्याच क्षणी निघा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. ही वेळ काही साथीसाठी थांबत नाही.

---

तिसरा_मजला

वरचं सगळं वाचलं, माहिती चांगली आहे, पण मला रातपाळी यांच्याशी थोडं भांडायचंय. "लोक उशिरा येतात" हे ऐकून संताप येतो. आम्ही वेळेवर गेलो होतो. ९२ होतं. एका मोठ्या दवाखान्याने दारातूनच परत पाठवलं, दुसऱ्याने आधी चाचणीचा अहवाल आणा म्हटलं, तिसऱ्याने फोन उचलला नाही. अहवाल हातात येईपर्यंत ८४. आता सांगा, उशीर कुणी केला? पेशंटने?

लोकांना शिकवण्याआधी दवाखान्यांनी आणि सरकारांनी काय करायला हवं तेही बोला. कुठे किती बेड मोकळे, हे खरं आणि ताजं कळायला हवं. फोन करायला एकच जागा हवी. अहवाल असो नसो, दारात आलेल्या माणसाचं सॅच्युरेशन तपासून, गरज असेल तर आधी ऑक्सिजन लावलाच पाहिजे. नाहीतर "वेळेवर या" म्हणणं म्हणजे सगळा भार आजारी माणसाच्या अंगावर टाकणं.

---

रातपाळी (धागाकर्ती)

तिसरा_मजला, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. तुमच्यावर आली ती वेळ कुणावरही यायला नको होती. श्वास अडकलेल्या माणसाला कागद मागणं मला तेव्हाही सहन व्हायचं नाही.

पण म्हणूनच हा विषय एकट्या पेशंटचा किंवा एकट्या दवाखान्याचा नाही असं मला वाटतं. चीनमधल्या वुहान शहरात कोविडच्या सुरुवातीला नेमका हाच गोंधळ होता. सौम्य आजारी, गंभीर आजारी, नुसते घाबरलेले, सगळे मोठ्या दवाखान्यांच्या दाराशी. तिथून परत पाठवलेले घरी जाऊन कुटुंबाला लागण देत. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी क्रीडागारं आणि प्रदर्शनाची सभागृहं ताब्यात घेऊन १६ तात्पुरते निवारा-दवाखाने उघडले, सगळे मिळून सुमारे १३ हजार बेड. जगाच्या लक्षात राहिलं ते दहा दिवसांत उभारलेलं हजार बेडचं हॉस्पिटल. माझ्या मते जास्त उपयोगाची गोष्ट ही निवारा-दवाखान्यांची होती. तिथे सौम्य आणि मध्यम आजारी राहायचे, रोज तपासणी व्हायची, कुणाचा आकडा उतरायला लागला की त्याला मोठ्या दवाखान्यात हलवायचे. घर आणि आयसीयू यांच्या मधली पायरीच बहुतेक ठिकाणी नसते. ती असेल तर ९८ वाला धास्तीने बेड अडवत नाही आणि ९२ वाल्याला दारातून परत जावं लागत नाही.

---

तिसरा_मजला

ही मधली पायरी पटली. आणि ती साथ येण्याआधीच कागदावर ठरलेली हवी: जागा कुठली, माणसं कुठून, रुग्णवाहिका कुणाची. लाट आल्यावर बैठका घेऊन उपयोग नाही.

---

दाबमापक

मी दवाखान्यांच्या गॅस-पाइपलाइनच्या देखभालीत आहे. बेडबद्दल सगळे बोलतात, ऑक्सिजनच्या हिशेबाबद्दल कमी, म्हणून लिहितो.

मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटरने चालवला तर साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो. हाय फ्लो यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत घेतं. तसं पूर्ण ऑक्सिजनवर चालवलं तर तोच सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामा. म्हणजे रातपाळी म्हणतात तसा उशिरा आलेला पेशंट बेडबरोबर पाच-सहा जणांचा ऑक्सिजनही घेतो. यात त्याचा काही दोष नाही. पण पुरवठ्याचा आराखडा बेड मोजून केला आणि किती पेशंट हाय फ्लोवर जातील ते मोजलं नाही, तर तो कोसळणारच.

टाकीत द्रव ऑक्सिजन भरपूर असला म्हणूनही भागत नाही. तो उणे १८३ अंशांच्या आसपास उकळतो. त्याचा वायू करणाऱ्या बाष्पकावर मर्यादेबाहेर खेच पडली की बर्फाचा थर चढतो आणि पाइपातला दाब पडायला लागतो. टाकी भरलेली, आणि शेवटच्या वॉर्डातल्या भिंतीतून वायू येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ब्राझीलच्या मानाउस शहरात ऑक्सिजनच संपला आणि त्याअभावी माणसं गेली, हे सगळ्या जगाने पाहिलं. जवळपास घनदाट जंगल, रस्ते मोजके, टँकर पोहोचायला वेळ. कारखाना किती बनवतो एवढं पाहून भागत नाही, तो किती तासांत पोहोचतो हेही धरावं लागतं.

घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) आणणाऱ्यांसाठी: तो बहुधा मिनिटाला ५ किंवा १० लिटरच देतो. बेड मिळेपर्यंत आधार म्हणून ठीक. त्याच्या भरवशावर ८८ वाल्याला घरीच ठेवू नका.

---

निळावंती

वैद्यकाच्या इतिहासाचं वेड असल्यामुळे राहवत नाही. रातपाळी यांनी "माणसं" हा मुद्दा काढलाय, त्याचा सगळ्यांत मोठा दाखला डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा आहे.

१९५२ सालच्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायूच लुळे पडायचे. ब्लेगडॅम रुग्णालयात लोहफुप्फुस (पेशंटला आत झोपवून श्वास चालवणारी बंद टाकी) एकच, आणि छातीवर बसवायची यंत्रं सहा. पहिल्या काही आठवड्यांत श्वास थांबलेल्या बहुतेक पेशंटना वाचवता आलं नाही. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी सुचवलं की गळ्याला छिद्र पाडून नळी घालू आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा देऊ. २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीवर हे केलं आणि ती वाचली. मग प्रश्न आला, पिशवी दाबणार कोण? वैद्यकीचे विद्यार्थी! सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने, दिवसरात्र, एकेका पेशंटच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले. सुरुवातीला ८७ टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

यंत्र नव्हतं, तरी एका युक्तीने आणि माणसांच्या बळावर अनेक जीव वाचले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी असे पेशंट एकत्र ठेवायचा खास विभाग सुरू केला; आजच्या आयसीयूची सुरुवात अनेक जण तिथूनच धरतात. साथीची तयारी म्हणून व्हेंटिलेटर खरेदीच्या बातम्या वाचते तेव्हा मला ते विद्यार्थी आठवतात. यंत्रं गोदामात ठेवता येतात. ती चालवणारी माणसं आधीपासून शिकवून ठेवावी लागतात.

---

रातपाळी (धागाकर्ती)

निळावंती, हे वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे लाटेत दुसऱ्या विभागांतल्या मुली मदतीला आल्या, जीव तोडून काम केलं त्यांनी. पण व्हेंटिलेटरचा अलार्म कशाचा आहे हे भर गर्दीत शिकवावं लागलं. एरवी वर्षातून काही दिवस त्यांना आयसीयूत पाळी दिली असती तर किती सोपं गेलं असतं.

---

गणिती

+१. प्रशिक्षित राखीव माणसं ही सुद्धा क्षमताच.

---

उंबरठा

उशिरा आलो धाग्यावर. एक अगदी साधा प्रश्न: फोन लागला तर काय सांगायचं? आम्ही घाबरून सगळी कहाणी सांगत बसलो आणि समोरच्याने मध्येच फोन ठेवला.

---

रातपाळी (धागाकर्ती)

उंबरठा, पलीकडच्या माणसाला पहिल्या वाक्यात ठरवता यायला हवं, म्हणून क्रम असा ठेवा: वय, आत्ताचं सॅच्युरेशन (बसून, ऑक्सिजनशिवाय की ऑक्सिजनवर ते सांगून), सकाळी किती होतं, आजाराचा कितवा दिवस, मधुमेह-रक्तदाब-किडनी असं काही, पेशंट शुद्धीवर आहे का. "वय ६२, सॅच्युरेशन ९१, सकाळी ९५ होतं, सातवा दिवस, मधुमेह आहे, शुद्धीवर आहेत." कहाणी नंतर. चालू औषधांची यादी आणि जुने अहवाल एका पिशवीत आधीच भरून ठेवा, आणि पेशंटजवळ त्याचा फोन व चार्जर द्या. आत नातेवाईक नसतात तेव्हा त्या फोनवरचा घरचा आवाज फार कामाला येतो.

आणि निघण्याआधी ठरवा की सोबत कोण जाणार. या एका गोष्टीवरून घरांमध्ये तास वाया गेलेले पाहिलेत.

---

कोरांटी

शेवटचा प्रश्न, स्टेथोंना. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यासाठीही हेच आकडे का?

---

स्टेथो

नाही. गरोदरपणात सॅच्युरेशन ९५ च्या खाली गेलं की थांबू नका, दवाखाना गाठा. आईला ऑक्सिजन कमी पडला की बाळालाही कमी पडतो. बाळाची हालचाल कमी वाटली तरीही निघा.

लहान मुलांची बोटं छोटी, त्यात ती हलतात, त्यामुळे मोठ्यांच्या ऑक्सिमीटरचा भरवसा धरता येत नाही. मूल शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असतील तर ते जलद. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवूनही पेंगत असेल, तर मोजत बसू नका, लगेच न्या.